पन्हाळा दोन तासांत उरकू नका, एक रात्र राहा

रंकाळाकाठ:

दर आठवड्याला इथं कुणीतरी विचारतं: सकाळी अंबाबाईचं दर्शन, दुपारी पन्हाळा, येता येता जोतिबा आणि रात्री तांबडा-पांढरा, एका दिवसात बसेल का? बसतं. सुट्टीच्या दिवशी वाघबीळच्या घाटात लागलेली गाड्यांची रांग तेच बसवायला निघालेली असते. तीन दरवाजाला गाडी लावायची, फोटो काढायचे, अंबरखाना, सज्जाकोठी, झुणका-भाकर आणि खाली. दीड-दोन तासांत पन्हाळा बघून झाला.

मी कोल्हापूरचाच. लहानपणापासून पन्हाळ्याला जात आलोय आणि कळकळीनं सांगतो, हे गाव असं बघू नका. होय, गाव. तटाच्या आत तालुक्याची कचेरी आहे, कोर्ट आहे, नगरपालिका आहे, शाळा आहेत, आणि वस्ती जेमतेम तीन-साडेतीन हजारांची. याच तालुक्यातलं कोडोली पन्हाळ्याच्या कितीतरी पट मोठं आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीला, हा गड उभा राहिला. पुढे यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे, इंग्रज सगळे आले-गेले, पण गडावरची चूल कायम पेटती राहिली. रायगडावर किंवा राजगडावर गेलं की जोती बघावी लागतात. पन्हाळ्यावर ताराराणींच्या वाड्यात शाळेची घंटा वाजलेली आहे.

दोन ठिकाणी मात्र घाई करू नका.

पहिलं अंधारबाव. तीन दरवाजाच्या अगदी शेजारी, तरी निम्मे लोक वरूनच डोकावून पुढं जातात. खाली उतरा. काळ्या दगडाची तीन मजली बांधणी आहे. वळणाच्या पायऱ्या उतरायला लागलं की भर उन्हातसुद्धा अंगावर गारवा येतो. भिंतीत पहारेकऱ्यांसाठी कोनाडे आहेत, मधल्या मजल्यावर माणसं राहू शकतील अशी जागा आहे, तळाला पाणी आहे आणि तटाबाहेर निसटायला वाट ठेवलेली आहे. वेढा पडला आणि शत्रूनं गडावरचं बाकीचं पाणी नासवलं, तरी एवढी विहीर हातात राहिली पाहिजे, या हिशेबानं ती बांधलीय. तिथं पाच मिनिटं नुसतं उभं राहा, गडावरचं पाणी म्हणजे काय ते समजतं.

दुसरं अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. सगळ्यात मोठं गंगा, त्यात 25,000 खंडी धान्य मावायचं असं सांगतात. वरी, नागली, भात. आत गेल्यावर मान वर करून बघा: सोळा खण, प्रत्येक खणावर वेगळा घुमट आणि घुमटाला भोक. बाहेरच्या पायऱ्यांनी छतावर जायचं आणि त्या भोकांतून धान्य आत ओतायचं. 1660 साली सिद्दी जौहरनं चार महिने वेढा आवळला तेव्हा महाराज गडावर होते. गडावरची माणसं काय खात होती, याचं उत्तर या भोकांखाली उभं राहिलं की मिळतं.

हे शांतपणे बघायचं तर गर्दी नसताना बघायला हवं, आणि गर्दी नसते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. म्हणून म्हणतो, एक रात्र राहा. संध्याकाळ पुसाटी बुरुजावर घालवा, तो पश्चिमेच्या टोकाला आहे. सकाळी उजाडताना सज्जाकोठीवर जा, ती पूर्वेच्या कड्यावर आहे, समोर जोतिबाचा डोंगर दिसतो. दिलेरखानाकडून परत आल्यावर शंभूराजे पन्हाळ्यावरच होते. 1680 च्या जानेवारीत बाप-लेकांची गडावर भेट झाली, ती शेवटची ठरली. एप्रिलमध्ये महाराज गेले. दुपारी बाराला सेल्फीच्या रांगेत उभं राहून हे मनात उतरत नाही हो.

बाकीच्यांनी आपापली भर घाला. विशेषतः गडावर राहणारं कुणी असेल तर जरूर लिहा.


घाटवाट:

धागा वाचनखुणेत साठवला. अंधारबावीबद्दल शंभर टक्के सहमत.

थोडी भर. गाडी मुक्कामाच्या ठिकाणी लावा आणि विसरून जा. गडावरचे रस्ते बरेचसे सपाट आहेत, झाडी आहे, चालायला मजा येते. बसस्थानकाजवळच्या बाजीप्रभूंच्या पुतळ्यापासून सुरुवात करून साधोबाचं तळं, दर्गा, सोमेश्वराचं देऊळ आणि तळं, संभाजी मंदिर, रामचंद्रपंत अमात्यांची समाधी असं रमतगमत जा. सोमेश्वराला महाराजांनी आणि मावळ्यांनी चाफ्याची फुलं वाहिली असं सांगतात. अमात्यांच्या समाधीशी मात्र कुणी थांबत नाही याचं फार वाईट वाटतं. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचं राज्य ज्यांनी सांभाळलं त्यांतला हा मोठा माणूस.


सुमेधा_कोथरूड:

खूप छान माहिती. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन यायचा विचार आहे. दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. अंधारबाव तिला जमणार नाही. मुक्काम करण्याइतकं त्यांना बघता येण्यासारखं काही आहे का, की खरंच धावती भेटच बरी?


रंकाळाकाठ:

सुमेधाताई, त्यांच्यासाठी तर मुक्कामच करा. धावत्या भेटीत म्हाताऱ्या माणसांची सगळ्यात जास्त दमणूक होते, दर दहा मिनिटांनी गाडीत चढ-उतार. मुक्कामात हा त्रास नाही. तीन दरवाजा, अंबरखाना, तबक उद्यान या सगळ्या ठिकाणी गाडी जवळ जाते आणि फार चढायला लागत नाही. अंबरखान्याच्या छतावर नका चढवू, आत उभं राहूनच भोकं दिसतात. तीन दरवाजाच्या कमानीवरचं कोरीव काम, गणपती आणि फारसी शिलालेख बाबांना निवांत बघू द्या. सज्जाकोठीला जिना आहे, आईंनी खालीच बसावं, वारा तिथंही तोच येतो.

आणि आईंना वाचनाची आवड असेल तर सांगा, आर्या लिहिणारे मोरोपंत 1729 साली इथंच जन्मले. बारामतीला गेले ते नंतर.


सुमेधा_कोथरूड:

आईला मोरोपंतांच्या आर्या तोंडपाठ आहेत! हे तिला सांगितल्यावर ती आजच बॅग भरेल. मनापासून आभार.


तटावरचा:

गडावर राहणारं कुणी लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. आमचं घर पिढ्यान्पिढ्या इथंच.

मुक्कामाचं म्हणताय ते आमच्याही पोटापाण्याच्या दृष्टीनं खरं आहे. दुपारी येऊन संध्याकाळी जाणारी गाडी गडावर काय ठेवून जाते? प्रवासी कराची पावती, एक झुणका-भाकरीचं ताट आणि प्लास्टिक. राहिलेला माणूस सकाळी चहाला येतो, दुकानात येतो, वाट विचारतो, नावानं ओळखायला लागतो.

झुणका-भाकरीचं आणखी थोडं सांगतो. त्या टपऱ्या बहुतेक इथल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या बायका चालवतात. पहाटे उठून घरचं आवरायचं, खर्डा वाटायचा, दही लावलेलं घ्यायचं आणि दिवसभर चुलीपुढं बसून भाकरी थापायची. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर टेकवली की टम्म फुगते, ती तशीच ताटात येते. घाई करू नका, "ताई, लवकर द्या की" म्हणून डोक्यावर उभं राहू नका. आणि घासाघीस तर नकोच.

आमच्या अडचणी पण ऐका. गडावर तळी-विहिरी असल्या तरी आजच्या वस्तीला आणि लॉजना पुरेल एवढं पाणी त्यांत नाही. नळाचं पाणी खाली कासारी नदीतून उपसून वर चढवावं लागतं. वीज गेली, मोटर बिघडली की नळ कोरडे. त्यामुळं राहायला या, पण तासभर शॉवर सोडून ठेवू नका, एवढी हात जोडून विनंती.

दुसरं म्हणजे रस्ता. जुलै 2021 च्या पावसात गडावर येणारा मुख्य रस्ता खचला. कित्येक महिने चारचाकीला तो बंद होता. शाळेची पोरं, कचेरीला येणारी माणसं, आजारी माणूस, सगळ्यांची परवड झाली. पर्यटक आले नाहीत म्हणून टपऱ्या बंद पडल्या ते वेगळंच. मुंबई-पुण्याच्या लोकांना त्या वर्षी पन्हाळा बंद होता एवढंच कळलं. आम्ही आतच होतो.


जांभाखडक:

तटावरचा यांनी रस्त्याचा विषय काढलाय म्हणून लिहितो. भूशास्त्र शिकलोय, हा भाग पायाखालचा आहे.

पन्हाळ्याचा माथा जांभ्या दगडाचा आहे, त्याच्या पोटात काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो पिऊन घेतो आणि ते खाली झिरपत जातं. काळ्या दगडापाशी किंवा मधल्या चिकणमातीच्या थरापाशी ते अडतं आणि मग आडवं वाहून कड्याच्या कडेला झऱ्यासारखं बाहेर पडतं. गडावर इतक्या उंचीवर विहिरींना पाणी लागतं ते याच कारणानं. आणि अतिवृष्टीत कडा सुटते तीही याच कारणानं. मधला थर भिजून निसरडा झाला की वरचा भार घेऊन सरकतो. त्या कडेवर रस्ता असेल तर रस्ता जातो.

म्हणून माथ्यावर काय बांधतो, सांडपाणी कुठं सोडतो, गटार कुठं तुंबतं याला फार महत्त्व आहे. पाणी मुरण्याची आणि वाहून जाण्याची जुनी सोय मोडली की डोंगर ते कुठून तरी बाहेर काढणारच. तटबंदीच्या पायथ्यातून पाणी पाझरायला लागलं तर ढासळणारी भिंत कुठल्याही बुरुजाची असू शकते.


तटावरचा:

जांभाखडक, हे आमच्या आजोबांना पुस्तक न वाचता माहीत होतं. पागोळ्यांचं पाणी तटाकडं सोडायचं नाही असा घरात दंडकच होता.


शाहूपुरी_तालीम:

लई भारी धागा भावांनो. पण एक बाजू मांडतो, राग मानू नका. सगळ्यांना मुक्काम परवडत नाही. नवरा-बायको, दोन पोरं, आई, अशी माणसं एसटीनं किंवा दोन दुचाक्यांवर रविवारचं जाऊन येतात. शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव बघितलेत का? कोल्हापूरच्या कामगार माणसानं वीसेक किलोमीटरवर जाऊन हॉटेलात झोपायचं, हे त्याला पटणार कसं? माझ्या लहानपणी घरातनं डबा बांधून जायचो, तबक उद्यानात झाडाखाली बसून खायचो आणि शेवटच्या गाडीनं परत. आमच्या पन्हाळ्यात काय कमी नव्हतं.


रंकाळाकाठ:

राग कसला, अगदी बरोबर मुद्दा आहे. कोल्हापूरच्या माणसाला मुक्काम करायची गरजच नाही, त्याला पहाटेची सोय आहे. सहाला शिवाजी पूल ओलांडला तर सातच्या आत गडावर. सज्जाकोठी, अंधारबाव, अंबरखाना सावलीत बघून होतं, डबा झाडाखाली, आणि बाहेरच्या गाड्या घाट चढत असतात तेव्हा आपण उतरत असतो. पाव्हणे आले की त्यांनाही असंच पहाटे उठवून न्या. माझा विरोध दुपारी बारा ते दोनच्या पन्हाळ्याला आहे, मग तो कोल्हापूरकराचा असो की मुंबईकराचा.


बखरवाला:

इतिहासाचं थोडं. दोन-तीन तारखा नीट लक्षात ठेवल्या तर गड जास्त उलगडतो.

अफझलखानाचा वध 10 नोव्हेंबर 1659. पन्हाळा स्वराज्यात आला 28 नोव्हेंबर 1659, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत. प्रतापगड ते पन्हाळा एवढी मुसंडी, तीही विजापूरला सावरायला वेळ न देता. त्याचंच उत्तर म्हणून सिद्दी जौहर चालून आला. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते, हे विसरायचं नाही. आषाढातल्या पावसात, 12 जुलै 1660 च्या रात्री, महाराज निवडक मावळ्यांसह राजदिंडीच्या वाटेनं निसटले. दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात बसलेले शिवा काशीद पायथ्याच्या नेबापूरचे. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी काय केलं ते महाराष्ट्राला सांगायला नको.

त्यानंतर गड आदिलशाहीला द्यावा लागला आणि परत घ्यायला 1673 उजाडलं. कोंडाजी फर्जंदांनी साठ मावळ्यांनिशी एका रात्रीत तो घेतला. शेजारचा पावनगड महाराजांनी त्याच सुमारास बांधून घेतला, कारण त्या टेकडीवर तोफा चढल्या तर पन्हाळा माऱ्यात येतो. पावनगड बघितल्याशिवाय पन्हाळा पुरा होत नाही. तिथली तुपाची विहीर चुकवू नका, जखमांवर लावायचं जुनं तूप तिथं साठवायचे असं सांगतात.

आणि चार दरवाजा. नकाशात नाव आहे, जागेवर दरवाजा नाही. 1844 साली गडकऱ्यांनी, म्हणजे गड राखणाऱ्या पिढीजात शिबंदीनं, इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो मोडून काढल्यावर इंग्रजांनी हा दरवाजा पाडला. आज गाडी सरळ आत शिरते ती त्या मोडलेल्या दरवाजातून. तिथून आत येताना प्रत्येकानं दोन क्षण थांबावं असं मला मनापासून वाटतं. शिवकाळाचे फलक गडभर आहेत, गडकऱ्यांच्या वाट्याला एकही ओळ धड येत नाही.


घाटवाट:

गडकऱ्यांच्या ओळीला +१०००. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, सगळीकडं ते लढले.


पाऊसवेडा:

पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेबद्दल विचारायचं होतं. पुढच्या जुलैत ऑफिसातले आम्ही काहीजण जायचं म्हणतोय. दोन दिवसांत होते का? वाट कशी आहे?


मसाईवारा:

पाऊसवेडा, दोन दिवसांत होते, बहुतेक गट तसंच करतात. अंतर पन्नासच्या वर आहे. राजदिंडीतून उतरून म्हाळुंग्याच्या बाजूनं मसाई पठार, मग कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या-वाड्यांतून वाट जाते, शेवटी पांढरेपाणी आणि खिंड. पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, त्यामुळं वाटाड्या घ्याच. भातलावणीचे दिवस असतात, बांधावरून चालायचं, लावलेल्या वाफ्यात पाय घालायचा नाही. ओढ्याला पाणी आलं तर ओसरेपर्यंत थांबायचं, मोहीम अर्धी राहिली तरी चालेल. बूट असे घाला की चिखलात रुतून तळवा निघणार नाही. जळवा असतात, मीठ-हळद जवळ ठेवा.

राजदिंडीची उतरण पावसात शेवाळलेली असते. घोषणा देत पळत उतरतात पोरं, दरवर्षी कुणीतरी घसरतं. सावकाश उतरा.

आता मसाई पठाराचं. पावसाळा सरता सरता सीतेची आसवं, गेंद, सोनकी, तेरडा असं सगळं पठारभर फुलतं. जांभ्याच्या सड्यावर बोटभर माती, त्या मातीत ही सगळी दुनिया. सीतेची आसवं नाजूक दिसतात पण त्यांच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकवून ती आपलं पोषण मिळवतात, कारण त्या मातीत खायला दुसरं काही नाही. एक चारचाकी पठारावरून गेली की तो बोटभर थर फाटतो आणि तिथं पुढच्या वर्षी फूल येत नाही. पठार आता संवर्धन राखीव आहे. तरी मोटारसायकली गोल गोल फिरवणारे महाभाग दिसतात. गाडी रस्त्याला लावा, मसाईदेवीच्या देवळापर्यंत चालत जा. खाली पांडवदऱ्याची लेणी आहेत, बौद्ध लेणी, तीही बघा, गर्दी अजिबात नसते.


सुमेधा_कोथरूड:

सीतेच्या आसवांची फक्त नावं ऐकली होती. दिवाळीनंतर उशीर होईल ना?


मसाईवारा:

हो, तोवर बहुतेक सुकलेलं असतं. फुलांसाठी ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत या. दिवाळीनंतर गवत सोनेरी होतं आणि हवा स्वच्छ असते, आई-बाबांना तेच बरं.


शाहूपुरी_तालीम:

युनेस्कोचं कुणीच कसं काढलं नाही अजून? 11 जुलै 2025 ला बारा किल्ले यादीत गेले, त्यात आपला पन्हाळा. त्या दिवशी कोल्हापुरात काय आनंद होता! पण गडावरची माणसं घाबरलीत असं ऐकतोय.


तटावरचा:

आनंद आम्हालाही झाला, पेढे वाटले. काळजी वेगळी आहे. त्या बारा किल्ल्यांत घराघरांतून शाळेला पोरं जातात असं किल्ल्यावरचं गाव किती ठिकाणी आहे? संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकाम चालत नाही, पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते, हा कायदा आधीपासून आहे. गडावर जिकडं वळाल तिकडं कुठली ना कुठली वास्तू आहे. त्यामुळं गळकं छप्पर बदलायचं, पोराच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची, तरी माणूस धास्तावतो. किल्ला जपला पाहिजे याबद्दल आमचं दुमत नाही, आमच्या बापजाद्यांनी जपला म्हणून तो यादीत गेला. पण जपायच्या यादीत आम्ही पण असावं. गाव उठलं तर पन्हाळ्याचं काय राहील?


बखरवाला:

हे नीट ऐकलं जायला हवं. 1782 ला करवीरची गादी पन्हाळ्याहून कोल्हापूरला आली, दरबार खाली गेला, सरदार खाली गेले. मागं राहिली ती साधी माणसं. त्यांच्यामुळं गड ओस पडला नाही, दगड कुणी वाहून नेले नाहीत, देवळात दिवा लागत राहिला.


रंकाळाकाठ:

तटावरचा, तुम्ही लिहिलंत ते मी धाग्याच्या वरच्या लेखनात जोडायला संपादकांना सांगतो. बाहेरून येणाऱ्यानं आधी तेच वाचावं.


पाऊसवेडा:

शेवटचा प्रश्न. जुलैत पुण्याहून येताना कोल्हापूर-पन्हाळा रस्ता पुरात बंद पडतो म्हणतात. एसटी चालू असते का?


घाटवाट:

मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी असते, एरवी तासाभराच्या आत पोचते. पण पंचगंगेला फुगवटा आला की शिवाजी पुलापलीकडं आंबेवाडी-केर्लीच्या पट्ट्यात रेडेडोहाचं पाणी रस्त्यावर येतं. 2019 आणि 2021 ला तो रस्ता बंद होता. कोल्हापुरात त्या दिवसांत "रेडेडोह फुटला का?" हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो. तुम्ही पुण्याहून येताय, तर कोल्हापुरात न शिरता वाठार-कोडोलीवरून वाघबीळला या, ती वाट उंचावरून आहे. निघायच्या आदल्या रात्री इथंच धाग्यावर विचारा, कुणीतरी गडावरून सांगेलच.


तटावरचा:

सांगतो की. पण कोडोलीकडून येताना घाटात धुकं असतं, दिवे लावून सावकाश या. आणि रात्री आठनंतर पोचणार असाल तर जेवणाचं आधी कळवा, टपऱ्या तोवर बंद होतात.